थ्री-पटचं मूळ पहिल्या पटात: एका हौशी खेळाडूचा प्रकरण अभ्यास

खेळाडू पन्नाशीतल्या बाई. गोल्फ सुरू करून दहाएक वर्षं झालेली, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, कमी तितका चांगला) १७ च्या आसपास. ड्रायव्हरची, म्हणजे सुरुवातीच्या लांब फटक्याची, लांबी बेताची, पण चेंडू सहसा फेअरवे (मधली कापलेली पट्टी) सोडत नाही. आयर्न (मधल्या अंतराचे फटके) भरवशाचं, चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे फटके) बरं. अडचण पटांची, म्हणजे ग्रीनवर, कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पटरने चेंडू कपाकडे घरंगळत नेणाऱ्या फटक्यांची. माझ्याकडे शिकायला आल्या तेव्हा त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "सर, माझे छोटे पट तेवढे बसवून द्या, बाकीचं माझं मी बघते."

त्याआधी त्यांनी स्वतः बरेच उपाय करून पाहिले होते. एकाच हंगामात ब्लेड (पातळ डोक्याचा) सोडून मॅलेट (मोठ्या, जाड डोक्याचा) पटर घेतला. पकड बदलली, डावा हात खाली आणि उजवा वर अशी उलटी केली. चेंडूवर रेघ ओढून ती कपाच्या दिशेने लावायला लागल्या. प्रत्येक बदलानंतर एखादी फेरी छान जायची आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. फेरीत पाच-सहा थ्री-पट, म्हणजे एकाच ग्रीनवर तीन पट लागणं, ठरलेले. शेवटच्या काही होलवर छोट्या पटासमोर उभं राहिलं की हात आखडतात, असं त्या सांगत. लांब पटर घेऊन तो छातीला टेकवून मारावा का, असंही त्यांनी विचारलं. लांब पटरला आजही मनाई नाही, पण १ जानेवारी २०१६ पासून तो शरीराला टेकवून मारता येत नाही. ती वाट बंद होती.

छोट्या पटाची धास्ती समजण्यासारखी आहे. १९७० च्या ओपन स्पर्धेत सेंट अँड्र्यूजच्या अठराव्या होलवर डग सँडर्सचा जेमतेम तीन फुटांचा पट चुकला आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या निर्णायक फेरीत) जॅक निकलॉस जिंकला. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये पाइनहर्स्टला रोरी मॅकिलरॉयने शेवटच्या तीन होलमध्ये चार फुटांच्या आतले दोन पट घालवले आणि एका फटक्याने विजेतेपद हुकलं. असे पट वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी राहतात. चाळीस फुटांवरून मारलेला आणि सात फूट पुढे निघून गेलेला पट मात्र मारणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही. म्हणून थ्री-पट झाला की सगळा दोष दुसऱ्या पटाच्या माथी बसतो. या प्रकरणात माझी पहिली शंका इथेच होती.

आधी यिप्स आहेत का ते पाहिलं

हात आखडतात असं कुणी म्हटलं की यिप्सची शक्यता सोडून चालत नाही. यिप्समध्ये फटक्याच्या ऐन क्षणी मनगटाला आपोआप झटका बसतो आणि खेळाडूला तो थांबवता येत नाही. बर्नहार्ड लांगरसारख्या खेळाडूला कारकिर्दीत एकापेक्षा जास्त वेळा यिप्सने गाठलं आणि प्रत्येक वेळी पकड बदलून, पटर बदलून तो त्यातून बाहेर आला. त्या अवस्थेवरचे उपाय वेगळे असतात, म्हणून निदान आधी हवं.

मी बाईंना चेंडूशिवाय हलके फटके मारायला लावले, मग चेंडू ठेवून, मग एकट्या उजव्या हाताने, मग एकट्या डाव्या हाताने. यिप्स असतील तर बहुतेक वेळा चेंडू समोर आला की हालचाल बिघडते आणि एका हाताने मारताना तो झटका उघडा पडतो. इथे तसं काहीच दिसलं नाही. एका हाताने मारलेले तीन फुटी पटही कपात जात होते. ताण होता, पण चार फुटांच्या पटासमोर जो कुणालाही येतो तेवढाच.

नोंद कशाची ठेवायची

फेरीत किती पट लागले हा आकडा त्यांच्याकडे वर्षभराचा होता, साधारण ३६ ते ३८. या आकड्यावर मी फार विसंबत नाही. ग्रीन चुकवून कपाजवळ चिप मारणाऱ्याचे पट आपसूक कमी होतात, आणि दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठून चाळीस फुटांवर थांबणाऱ्याचे वाढतात. म्हणजे खेळ सुधारला तरी पटांचा आकडा बिघडू शकतो. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी मांडलेली 'स्ट्रोक्स गेन्ड' पद्धत याच अडचणीतून वाट काढते: पट किती अंतरावरून मारला ते आधी बघा आणि त्या अंतरावरून सरासरी किती पट लागतात त्याच्याशी तुलना करा. पीजीए टूरने (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) २०११ पासून पटिंगसाठी ही मोजणी स्वीकारली.

त्यातून कळणारी एक गोष्ट प्रत्येक हौशी खेळाडूने मनावर घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. टूरवरचे जगातले उत्तमोत्तम खेळाडू आठ फुटांवरून जवळपास निम्मेच पट कपात घालतात. तीन फुटांवरून क्वचित एखादा चुकतो. हे तीन ते आठ फुटांमधलं अंतरच सगळा हिशेब ठरवतं. पहिला पट कपापासून दोन फुटांवर थांबला तर दुसरा जवळजवळ हक्काचा. सहा फुटांवर थांबला तर तो चुकण्यात खेळाडूचा काही दोष आहे असं मी मानत नाही.

तेव्हा बाईंना पटांची संख्या लिहायचं बंद करायला सांगितलं. त्याऐवजी प्रत्येक ग्रीनवर फक्त दोन गोष्टी लिहायच्या: पहिला पट किती पावलांवरून मारला, आणि तो कपाच्या कुठे थांबला. अलीकडे की पलीकडे, डावीकडे की उजवीकडे, किती फूट. चढ किंवा उतार असेल तर बाजूला एक बाण. त्यांचा स्वभाव हिशेबी, त्यामुळे नोंदी चोख आल्या.

काही फेऱ्यांनंतर चित्र स्पष्ट झालं. तीन फुटांच्या आतले पट त्या सहसा चुकवत नव्हत्या. ज्यांना त्या 'छोटे पट' म्हणत होत्या ते पाच, सहा, कधी सात फुटांचे होते. आणि ते तेवढे उरत होते, कारण पंचवीस फुटांपलीकडून मारलेला पहिला पट फार अलीकडे किंवा फार पुढे थांबत होता. डाव्या-उजव्या बाजूची चूक बहुतेक वेळा एका फुटाच्या आतबाहेर. चढावरचे पट अपुरे, उतारावरचे सुसाट. नोंदवहीचं पान त्यांच्यासमोर ठेवलं तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी वर्षभर भलत्याच पटाचा सराव करत होते?"

सराव वाया गेला नव्हता. तीन फुटी पट इतके पक्के होते ते त्या सरावामुळेच. पण फटके गळत होते ते दुसरीकडून.

दिशा आणि वेग यांचा हिशेब

इथे थोडं गणित सांगावंच लागतं, कारण त्याशिवाय खेळाडूला वेगाच्या सरावाची निकड पटत नाही.

पटरचा चेहरा (चेंडूला लागणारी सपाट बाजू) फटक्याच्या क्षणी एक अंश वाकडा असेल आणि चेंडू एक अंश बाजूला निघाला, तर दहा फुटांवर तो सुमारे दोन इंच सरकतो. कपाचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दोन इंचांहून थोडं जास्त. हळू येणारा चेंडू एवढी चूक पोटात घेऊनही आत पडू शकतो. तीस फुटांवर चूक दोन अंशांची झाली, जी शेजारी उभ्या माणसाच्याही नजरेत भरेल, तर चेंडू कपाच्या बाजूने साधारण एक फूट सरकून जातो.

आता वेगाची चूक घ्या. सपाट ग्रीनवर चेंडू किती लांब जाणार हे त्याच्या सुरुवातीच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर अंतर सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढतं. तीस फुटांचा पट छत्तीस फूट जातो. म्हणजे डोळ्याला दिसेल इतकी ढळढळीत दिशाचूक एक फुटाचा पट उरवते, आणि हाताला जाणवणारही नाही इतकी वेगाची चूक सहा फुटांचा.

छोट्या पटावर दिशा राज्य करते, लांब पटावर वेग. बाईंचा सगळा खटाटोप, रेघ, पकड, मॅलेट, दिशेसाठी होता. वेगाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

वेग कुठे बिघडत होता

पटरच्या चेहऱ्यावर पांढरी पूड असलेला स्प्रे मारला. हे सरावापुरतंच, फेरीत चेहऱ्यावर असं काही फासून खेळता येत नाही. मग तीस फुटांवरून पट मारायला सांगितले आणि प्रत्येक फटक्यानंतर पटर उलटा करून दोघांनी बघितला. पुडीवर चेंडूचा गोल ठसा स्पष्ट उमटतो. सहा फुटांचे पट मारताना ठसे एकावर एक पडत होते, चेहऱ्याच्या मध्याला चिकटून. तीस फुटांवर गेल्यावर तेच ठसे टोकाकडे पसरले. एखादा मध्यावर, पुढचा पाऊण इंच टोकाकडे, त्यापुढचा आणखी बाहेर. टोकाला लागलेल्या फटक्यात पटर हातात किंचित फिरतो, ऊर्जा वाया जाते आणि चेंडू अपुरा पडतो. एकदा अपुरा पडला की पुढच्या वेळी हात जास्त जोर लावतो, आणि नेमका तो फटका मध्यावर बसला की चेंडू सात फूट पुढे. अपुरा, लांब, अपुरा, लांब हा त्यांच्या नोंदवहीतला क्रम या ठशांमध्ये जसाच्या तसा दिसत होता. मॅलेट पटर टोकाच्या फटक्याचं नुकसान कमी करतो हे खरं, पण पाऊण इंचाच्या चुकीला तोही पुरा पडत नाही.

ठसे टोकाकडे का सरकत होते? लांब पटावर त्यांचं डोकं चेंडूच्या आधी वर यायचं. चेंडू कुठे चाललाय हे बघायची घाई. डोक्यामागोमाग डावा खांदा उघडायचा, पटर आतल्या बाजूला ओढला जायचा आणि चेंडू टोकाला लागायचा. छोट्या पटावर कप नजरेच्या कोपऱ्यातच असतो, म्हणून तिथे हे होत नव्हतं.

दुसरी गोष्ट फटक्याच्या आकाराची. पंधरा फूट असो वा चाळीस, त्या पटर मागे जवळपास तेवढाच न्यायच्या आणि कमी-जास्त जोर ऐनवेळी मनगटाने द्यायच्या. असा जोर रोज एकसारखा लागणं अशक्य.

तिसरी गोष्ट ग्रीन वाचण्याची. त्या चेंडूमागे बसून लाइन (चेंडूचा मार्ग) बघायच्या, बराच वेळ बघायच्या, आणि ब्रेक (चेंडूचं वळण) डावा की उजवा एवढंच ठरवायच्या. चढ किती, उतार किती, हे त्या नुसत्या अंदाजाने धरायच्या, नीट वाचत नव्हत्या. चेंडूमागून बघताना चढ-उतार सगळ्यात कमी कळतो. तो कळतो बाजूने, चेंडू आणि कप यांच्या मधोमध उभं राहिलं की, आणि त्यातही खालच्या बाजूने.

काय बदललं, काय बदललं नाही

पटर तोच ठेवला. पकड तीच. उलट्या पकडीने त्यांचे छोटे पट छान बसले होते, जॉर्डन स्पीथ त्याच पकडीने मेजर (सगळ्यात मोठ्या) स्पर्धा जिंकलाय, मग तिला हात लावायचं कारण काय? चेंडूवरची रेघही दहा फुटांच्या आत ठेवली. त्यापलीकडे ती बंद केली, कारण तीस फुटांवर रेघ जुळवत बसलं की सगळं मन दिशेत अडकतं आणि वेगाचा विचार उरतच नाही. हा निर्णय त्यांना आवडला नाही. चार दिवस करून बघा, एवढंच सांगितलं.

सुरुवात ठशांपासून केली. पटरच्या डोक्यापेक्षा जेमतेम रुंद अंतर ठेवून दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) जमिनीत रोवल्या आणि मधून तीस फुटी पट मारायचे. टोक बाहेर गेलं की टीला खट्कन लागतं. सांगावं लागत नाही. डोकं वर येऊ नये म्हणून वेगळी सूचना दिली: चेंडू गेल्यावरही तो जिथे होता त्या गवतावर नजर ठेवायची, पटर थांबेपर्यंत. यामागे अभ्यास आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या नजरेच्या हालचाली टिपल्या. चांगले पट मारणाऱ्यांची शेवटची नजर चेंडूवर जास्त वेळ स्थिर राहते आणि फटक्यानंतरही क्षणभर तिथेच टिकते, हे त्यात दिसलं. 'डोकं हलवू नका' या जुन्या सूचनेपेक्षा 'नजर गवतावर ठेवा' ही सूचना जास्त उपयोगी पडते असा माझा अनुभव. पहिल्या सूचनेने मान ताठरते.

मग फटक्याचा आकार. अंतर वाढलं की फटका मागे-पुढे लांबवायचा, लय मात्र तीच. मागे जायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण निम्म्यात पटर परत चेंडूवर यावा, पट दहा फुटांचा असो की पन्नास फुटांचा. बाईंनी मनात 'एक-दोन... तीन' मोजायला सुरुवात केली आणि ते त्यांना जमलं. सरावाचे फटके मारताना चेंडूकडे न बघता कपाकडे बघायचं हेही जोडलं. कुणाकडे हाताने चेंडू टाकताना आपण हात किती मागे न्यायचा ते मोजत नाही. नजर त्या माणसावर असते आणि हात आपोआप बेताने सुटतो. पटरचंही तसंच होतं, नजरेला अंतर दिलं तर.

सरावाची रीत बदलली ही माझ्या मते यातली सगळ्यात मोठी गोष्ट. आधी त्या तीन चेंडू एकाच जागी ठेवून मारायच्या. पहिला अपुरा, दुसरा थोडा बरा, तिसरा कपाजवळ, आणि समाधानाने पुढे. मैदानावर दुसरा चेंडू मिळत नाही. आता एकच चेंडू. वीस फुटांवरून एक पट, मग चाळीस, मग पंचवीस, मग चढावर पस्तीस. सलग दोनदा तेच अंतर नाही. कपाऐवजी जमिनीत एक टी, म्हणजे 'गेला की नाही' हा प्रश्नच मिटतो आणि 'किती जवळ' एवढाच उरतो. एकच कृती सलग घोटणाऱ्याची प्रगती सरावात झपाट्याने दिसते, पण अदलाबदल करत शिकलेलं पुढे जास्त टिकतं, हे शिकण्यावरच्या संशोधनात १९७९ च्या शिया आणि मॉर्गन यांच्या प्रयोगापासून दिसत आलंय. अशा सरावात आकडे सुरुवातीला वाईट दिसतात. बाई दुसऱ्या आठवड्यात वैतागल्या होत्या. त्यांना नोंदवही बंद ठेवायला सांगितलं आणि आठवडाभर नुसतं मारायला.

चढ, उतार आणि ग्रीनचा वेग

या भागावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि मला वाटतं हौशी खेळाडूंकडून सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर असतो. एडवर्ड स्टिम्पसन या खेळाडूने १९३५ ची ओकमाँटची यूएस ओपन बघितल्यावर तो बनवला. पुढे १९७० च्या दशकात यूएसजीए या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्यात सुधारणा करून तो मैदान सांभाळणाऱ्यांच्या हाती दिला. साधी खाचेची पट्टी. एक टोक उचलत गेलं की ठरावीक कोनावर चेंडू खाचेतून सुटतो आणि ग्रीनवर जितके फूट जातो तेवढा त्या ग्रीनचा आकडा. खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ असा: स्टिम्प ८ च्या ग्रीनवर तीस फूट जाणारा फटका स्टिम्प १० वर साडेसदतीस फूट जातो. हात तोच, फटका तोच. तेव्हा फेरीच्या आधी त्या दिवसाचा वेग हाताला कळलेला हवा. बाई फेरीआधी आत्मविश्वासासाठी तीन फुटी पट मारत बसायच्या. ते थोडं राहू दिलं, पण त्याआधी सराव ग्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांब पट, लक्ष्य म्हणजे ग्रीनची कडा, तिच्या अलीकडे जितकं जवळ थांबेल तितकं.

उताराचं गणित तर डोळे उघडणारं आहे. स्टिम्प १० च्या ग्रीनवर दोन टक्के उतार धरा, म्हणजे पन्नास फुटांत एक फूट. सपाटीवर तीस फूट जाणारा फटका त्या चढावर साधारण चोवीस फुटांत थांबतो आणि उतारावर चाळीस फुटांच्या आसपास जातो. चढावर सहा फूट कमी, उतारावर दहा फूट जास्त. दोन्ही बाजूंना सारखं नाही. ग्रीन जितकं वेगवान तितकी ही तफावत वाढते. उतारावरचे त्यांचे पट सात-आठ फूट का पळत होते याचं उत्तर या दोन आकड्यांत होतं. त्या उताराला सूट देत होत्या, पण चढाला जितकी भर घालायच्या तितकीच.

पण हे दोन टक्के डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रीनच्या आजूबाजूला टेकडी असेल, तळं असेल, तर नजर फसते. म्हणून पायांचा वापर सुरू केला. मार्क स्वीनी यांच्या एमपॉइंट पद्धतीत खेळाडू लाइनवर उभं राहून दोन्ही पायांवर पडणारा भार जोखतो आणि त्यावरून उतार ठरवतो. अॅडम स्कॉटसारखे खेळाडू तसं करताना टीव्हीवर दिसतात. आम्ही त्यातलं एवढंच घेतलं: कपाच्या दिशेने चालत जाताना मधोमध थांबायचं, पाय खांद्याएवढे फाकवायचे, आणि भार कुठे जातोय ते बघायचं. टाचांवर की चवड्यांवर, डाव्या पायावर की उजव्या. सोबतच्यांच्या लाइनवर पाय पडणार नाही याची काळजी घ्यायची आणि रेंगाळायचं नाही; फटक्याला चाळीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये असं नियमही सुचवतात. एका सरावाच्या दिवशी बाई एका ग्रीनवर अशा मधोमध उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "सर, हा चढ नाहीच. हा उतार आहे." वर्षानुवर्षं त्या ग्रीनवर त्यांनी चढ धरून पट मारला होता आणि दर वेळी तो पुढे गेला होता.

ब्रेकबद्दल एकच गोष्ट शिकवली: चेंडू हळू झाला की जास्त वळतो, म्हणून कपाजवळचा शेवटचा तिसरा हिस्सा नीट वाचायचा. चेंडूपाशी ग्रीन कसं आहे याने फारसा फरक पडत नाही.

छोट्या पटाच्या वेगाबद्दलही बोलणं झालं, कारण धास्तीपोटी त्या तो ठोकायला लागल्या होत्या. कपाच्या बरोबर मध्यावर आलेला चेंडूसुद्धा सेकंदाला साधारण १.६३ मीटरपेक्षा जास्त वेगात असेल तर पलीकडे उडून जातो, आणि मध्यापासून जितका सरकेल तितकी ही मर्यादा खाली येते. जोरात मारलेल्या चेंडूला कप लहान होतो. नासात काम केलेले डेव्ह पेल्झ यांनी चुकलेला पट कपापलीकडे सतरा इंच जाईल असा वेग सुचवला आहे. बाईंना मी 'एक फूट पलीकडे' सांगितलं, लक्षात ठेवायला सोपं म्हणून. तीस फुटांपलीकडच्या पटाला मात्र कपावरच मरेल, म्हणजे तिथेच थांबेल, असा वेग.

पुढे काय झालं

पहिला महिना फारसा फरक पडला नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत फेरीतले थ्री-पट एक-दोनवर आले, एखाद्या फेरीत एकही नाही. एकूण पट ३३ च्या आसपास. हँडिकॅप हळूहळू १५ च्या खाली सरकला.

या निकालात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती न बदललेली गोष्ट. पाच ते आठ फुटांवरून कपात जाणाऱ्या पटांचं प्रमाण जवळपास होतं तेवढंच राहिलं. छोटे पट 'बसले' नव्हते. ते वाट्याला येणं कमी झालं होतं. पहिला पट तीन फुटांच्या आत थांबू लागला आणि हात आखडण्याची तक्रार आपोआप बंद झाली. त्यावर आम्ही वेगळं काहीच केलं नव्हतं. दोन फुटांच्या पटासमोर घाबरायचं कारण उरलं नाही, एवढंच.

खेळातही एक बदल त्यांनी स्वतः केला. नोंदवहीत उताराच्या पटांचा भाव बघून त्या अप्रोच (ग्रीनवर पोचवणारा फटका) मारतानाच चेंडू कपाच्या खाली राहील असा क्लब निवडायला लागल्या. कपापलीकडे वीस फुटांपेक्षा अलीकडे तीस फूट त्यांना आता बरं वाटतं, आणि त्यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. खूप लांबच्या पटांना त्या फ्लॅग काढत नाहीत. २०१९ पासून ग्रीनवरून मारलेला चेंडू काठीला लागला तरी दंड नाही, आणि काठी जागेवर असली की अंतराचा अंदाज नीट येतो असं त्या म्हणतात.

सगळंच सुटलं असं नाही. एका स्पर्धेत ग्रीन नेहमीपेक्षा बरंच वेगवान मिळालं आणि थ्री-पट पुन्हा चारवर गेले. नोंद बघितली तर त्यातले तीन आडव्या उतारावरचे, जिथे वेग आणि ब्रेक दोन्ही एकमेकांवर अवलंबून असतात. वेग थोडा कमी धरला तर ब्रेक वाढतो, जास्त धरला तर चेंडू वरूनच निघून जातो. त्या पटांसाठी आता सराव ग्रीनवर एकाच ठिकाणाहून तीन वेगवेगळ्या लाइनने मारायचा सराव सुरू आहे: एक कपावरच मरणारा, एक फूटभर पुढे जाणारा, एक त्याहून जोरात. लाइन किती बदलते ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून प्रत्येक लाइनच्या वळणावर एक टी रोवतो.

पाच ते आठ फुटांचं काम त्यानंतर घेणार आहोत. तिथे दिशा महत्त्वाची, त्यामुळे रेघ, चेहऱ्याचा कोन, चेंडूपुढे एक फुटावर दोन टींचं फाटक, हे सगळं परत येईल. जुना ब्लेड पटरही त्या वेळी एकदा काढून बघूया असं बाईंनी सुचवलंय. पुडीचा स्प्रे मारून दोन्हींचे ठसे शेजारी शेजारी ठेवू, आणि ज्याचे एकावर एक पडतील तो बॅगेत राहील.